कासेची स्वच्छता आणि कडुनिंबाचे पाणी

धार काढण्यापूर्वी गाईची कास औषधी दुकानातल्या द्रावणाऐवजी कडुनिंबाच्या पाण्याने धुतली तर चालेल का, असा प्रश्न मला गोठ्यावर हमखास विचारला जातो. चालेल. पण कोणते पाणी वापरता, यापेक्षा ते कसे वापरता याला महत्त्व अधिक आहे.

कासदाह, म्हणजे ज्याला आपल्याकडे दगडी म्हणतात तो रोग, सडाच्या टोकाला असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरतो. शेण, ओला गोठा, धार काढणाऱ्याचे हात आणि सर्व गाईंना पुसत फिरणारे एकच फडके, हे जंतूंचे नेहमीचे वाहक. यातले फडके सर्वांत घातक. एका बादलीतले पाणी आणि एक फडके घेऊन पाच गाई पुसल्या, की पहिलीचे जंतू पाचवीला पोहोचलेच. मग त्या बादलीत निंब असो वा आणखी काही.

कडुनिंबाच्या पाल्याच्या अर्कात जंतूंची वाढ रोखण्याचा गुण आहे, हे प्रयोगशाळांतून दिसून आले आहे. मी सांगतो ती रीत अशी : दोन मुठी ताजा पाला स्वच्छ धुवून दोन लिटर पाण्यात पंधरा मिनिटे उकळावा, गाळावा आणि कोमट करून वापरावा. सकाळचे पाणी संध्याकाळी वापरू नये. हा काढा टिकत नाही. शिळ्या काढ्यात जंतूच वाढतात. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, तेव्हा धुण्यासाठी तिचा आग्रह नको. काही जण ताक लावतात. लॅक्टिक आम्ल सडाच्या तयार द्रावणांत असते हे खरे, पण घरच्या ताकातले स्निग्ध कण सडावर राहून जंतूंना खाद्यच मिळते. मिठाच्या पाण्याने सड कोरडे पडून भेगाळतात. पोटॅशियम परमँगनेट वापरायचेच तर पाणी फिकट गुलाबी दिसेल इतकेच घालावे. शेणकाला लागून ते तपकिरी झाले की त्याचा प्रभाव संपला समजावे.

आता कृती. आधी आपले हात साबणाने धुवावेत, नखे कापलेली असावीत. कासेवरचे वाळलेले शेण हाताने किंवा ब्रशने कोरडेच झाडावे. नंतर फक्त सड धुवावेत. संपूर्ण कासेवर पाणी ओतले, की वरची घाण ओघळून सडाच्या टोकाशी जमा होते आणि तिथून थेट दुधात पडते. डबक्यात लोळून आलेल्या म्हशीची गोष्ट वेगळी. तिची कास सगळी धुवावीच लागते, पण मग ती पुसण्यातही कुचराई नको. निंबाचे पाणी लावून अर्धा मिनिट थांबावे आणि प्रत्येक जनावराला वेगळ्या, उकळून वाळवलेल्या फडक्याने सड कोरडे करावेत. वासरू पाजून पान्हा सोडवत असाल, तर त्याने चोखल्यावर सड पुन्हा पुसावेत.

पहिल्या दोन-तीन धारा काळे फडके बांधलेल्या वाटीत घ्याव्यात. गुठळ्या, पाणचट दूध किंवा रक्ताची छटा त्यावर लगेच दिसते. त्या जमिनीवर किंवा तळहातावर घेऊ नयेत. पान्हा पाच ते सात मिनिटेच टिकतो, म्हणून धार पूर्ण मुठीने आणि लवकर काढावी. अंगठा दुमडून सड ओढण्याची आपल्याकडची सवय सडाला इजा करते.

एकाच गाईवर घर चालवणाऱ्या एका भगिनीच्या गोठ्यात मी गेलो होतो. निंबाचे पाणी रोज होते, पण धार झाली की गाय लगेच ओल्या जमिनीवर बसत असे. तिचा एक सड कायमचा आटला आणि दुधाचा हिशेब कोलमडला. धारेनंतर सडाचे छिद्र अर्धा ते एक तास उघडे असते. त्या वेळात गव्हाणीत वैरण टाकावी, म्हणजे जनावर उभे राहते. धारेनंतर सड बुडवण्यासाठी मात्र निंबावर विसंबू नये. अर्धा टक्का आयोडीनचे सडासाठीचे द्रावण हेच माझ्या मते योग्य. इंग्लंडमध्ये 1960 च्या दशकात कासदाह आवरण्याच्या कार्यक्रमात धारेनंतर सड बुडवणे हा प्रमुख भाग होता.

कास सुजून गरम झाली, गाय हात लावू देईना किंवा तिला ताप आला, तर पाला उकळत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप अलीकडे बराच वापरला जातो. तो लावला असेल तर धारेपूर्वी पूर्ण धुवून काढावा. प्रतिजैविकाचे इंजेक्शन किंवा सडात ट्यूब दिली असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस त्या गाईचे दूध घरात वापरू नये आणि संकलन केंद्रावरही घालू नये. अशा दुधाला विरजण लावले तर दही नीट लागत नाही, आणि उकळूनही त्यातले औषध पूर्ण जात नाही.