थंडी आणि कोवळी रोपे

मुलांनो, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागात हिवाळा सौम्य असतो. तरी बदलापूरला काही वर्षी पहाटे पारा 10 अंशांजवळ उतरतो. नारळाचे मोठे झाड ही थंडी सोसते; केळीच्या कोवळ्या रोपाची वाढ मात्र मंदावते.

जळगाव जिल्ह्यात थंडी आणखी कडक असते. तेथे अनेक घरांचा संसार केळीच्या बागेवर चालतो. म्हणून शेतकरी थंडीच्या रात्री बागेला पाणी देतात. ओली जमीन लवकर गार होत नाही. ते बांधावर शेकोट्याही पेटवतात.

तुम्हीही अंगणातील रोपाभोवती काठ्या रोवा आणि संध्याकाळी गोणपाट पांघरा. जमिनीची ऊब आत राहील. सकाळी ते काढा, कारण रोपाला ऊन हवे. नारळाच्या रोपाचा शेंडा जपा. नारळाला एकच कोंब असतो; तो मेला की झाड मरते.