जलरंगातील नदीकाठ

कृष्णाकाठच्या मेणवलीच्या घाटासारखे दृश्य मुले रंगवू लागली की बहुतेकांचे पाणी गढूळ होते. दोष रंगाचा नसून घाईचा असतो. जलरंग पारदर्शक, खालचा थर ओला असताना वरचा दिला की दोन्ही मिसळून चिखल होतो. म्हणून प्रथम आकाश व पाणी यांचा एकच फिकट थर द्यावा आणि पाण्यावरील चमकेसाठी कागद कोरा सोडावा. (मागाहून पांढरा रंग लावून ती चमक येत नाही, प्रशिक्षणकाळी चार कागद नासल्यावर मला हे उमगले.) कागद हाताच्या पाठीला थंड लागतो तोवर थांबावे. मग दूरची झाडी, शेवटी घाट. थर वाळेपर्यंत शिक्षकांनी मुलांना पाणीच पाहावयास लावावे : काळ्या दगडाचे प्रतिबिंब दगडाहून किंचित उजळ दिसते.