पाचवे शील आणि दारूबंदीचा कायदा : विद्यार्थ्यांसाठी एक अभ्यास

तथागत भगवान बुद्धांनी सांगितलेल्या पंचशीलातील पाचवे शील मद्यपानापासून दूर राहण्याचे आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सतरावी प्रतिज्ञाही दारू न पिण्याचीच आहे. वंदनेत आपण हे शील नित्य ग्रहण करतो. परंतु याच विषयावर आपल्या राज्याचा एक कायदा आहे, आणि त्याची माहिती महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना फारच थोडी असते. ती थोडक्यात व सोप्या भाषेत द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कायदा कोणता?

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. महाराष्ट्रात १९४९ सालचा मुंबई दारूबंदी अधिनियम लागू आहे. आता तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने ओळखला जातो. १९५१ साली मुंबई राज्य विरुद्ध बलसारा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील काही तरतुदी रद्द केल्या, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला.

पुष्कळांना वाटते की, दुकाने उघडी आहेत, त्याअर्थी दारूबंदी उठली आहे. तसे नाही. मूळ नियम बंदीचाच आहे आणि परवाना हा त्याला अपवाद आहे. शहरात जागोजागी ‘परमिट रूम’ अशा पाट्या दिसतात. त्यातील ‘परमिट’ या शब्दाचा अर्थच असा की, पिणाऱ्याजवळ परवाना असला पाहिजे.

हा परवाना वयाच्या अटीवर मिळतो. सौम्य बिअर व वाईन यांसाठी २१ वर्षे आणि कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. अकरावीपासून पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंतचा विद्यार्थी साधारणपणे १६ ते २१ वर्षांचा असतो. म्हणजे त्याला यातील कोणताही परवाना सहसा मिळूच शकत नाही. परवाना नाही म्हणजे संरक्षण नाही.

बाळगणे हाही गुन्हा

या अधिनियमाच्या कलम ६६ मध्ये मद्य पिणे, बाळगणे आणि वाहून नेणे या तिन्ही गोष्टी शिक्षेस पात्र आहेत. ‘मी घेतली नव्हती, मित्राची बाटली माझ्या पिशवीत होती,’ असे सांगून सुटका होईलच असे नाही. वसतिगृहाच्या खोलीत, दुचाकीच्या डिकीत किंवा दप्तरात सापडलेल्या बाटलीचाही जाब द्यावा लागतो.

कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपल्याकडून सहली गोव्याला जातात. तेथे दारू स्वस्त मिळते म्हणून येताना एखाददुसरी बाटली आणण्याचा मोह काहींना होतो. गोव्यातही मद्यासाठी २१ वर्षांची अट आहे, हे प्रथम समजून घ्यावे. दुसरे असे की, गोव्याच्या दुकानाची पावती महाराष्ट्रात परवाना ठरत नाही. राज्याची हद्द ओलांडून बिनपरवाना मद्य आणणे हा कलम ६५ खालील गुन्हा आहे. आंबोली-आजरा, तिलारी-चंदगड, फोंडा घाट-राधानगरी या मार्गांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाची पथके तपासणी करीत असतात. मुद्देमालाबरोबर वाहनही जप्त होऊ शकते, मग ते वाहन वडिलांच्या नावावर असो वा भाड्याचे.

वाहन चालविणाऱ्यासाठी मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वसतिगृहात नव्या मुलाला बळजबरीने दारू पाजणे ही थट्टा नव्हे. ते रॅगिंग आहे. १९९९ च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद व १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दोषी विद्यार्थ्याला संस्थेतून काढून टाकले जाते आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही.

अठरा वर्षांची रेषा

अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, आणि दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता सामान्यतः त्याला लागत नाही. कायद्याचा खरा रोख येथे मोठ्यांवर आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ प्रमाणे मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे अल्पवयीन मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या प्रकरणात मुलाचे वडील आणि त्याला मद्य देणाऱ्या बारशी संबंधित व्यक्ती यांच्यावरही बाल न्याय कायद्याखाली गुन्हे नोंदले गेले. पालकांनी हे उदाहरण विसरू नये.

अठरा पूर्ण झाली की चित्र पालटते. अठरा ते एकवीस या वयातील विद्यार्थी दारूच्या परवान्यासाठी लहान असतो, पण न्यायालयासाठी सज्ञान असतो. परवाना त्याला मिळत नाही आणि बाल न्याय मंडळाचे छत्रही त्याच्यावर राहत नाही. आपली बहुसंख्य महाविद्यालयीन मुले नेमक्या याच वयाची आहेत.

अर्जातील एक रकाना

‘दंड भरला की सुटलो,’ असा समज सर्रास आढळतो. गुन्हा कबूल करून दंड भरणे म्हणजे दोषसिद्धी होय. पुढे पोलीस भरती असो, लोकसेवा आयोगाची परीक्षा असो वा पारपत्र असो, चारित्र्य पडताळणी होते. नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, शिक्षा यांविषयी स्पष्ट प्रश्न असतात.

तो रकाना कोरा सोडणे किंवा खोटे लिहिणे हे मूळ चुकीहून महाग पडते. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने याबाबत तत्त्वे घालून दिली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. तरुण वयातील क्षुल्लक गुन्हा असेल, तर नेमणूक करणारा अधिकारी त्याकडे उदारपणे पाहू शकतो. परंतु माहिती दडवल्यास नेमणूक रद्द होऊ शकते. धम्माच्या भाषेत सांगायचे तर, पाचवे शील मोडले म्हणून चौथेही मोडू नये.

आपल्या समाजाला हा रकाना अधिक झोंबतो. याच कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या आणि वसतिगृहे उभारून मुलांना शिकवले. त्या वाटेने आलेल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीच्या विद्यार्थ्यामागे कर्ज काढणारे आईवडील असतात. धनिकाचा मुलगा वकील लावतो, वर्ष वाया गेले तरी सावरतो. आपल्या मुलाची एक संधी गेली की अनेकदा घरच मागे पडते.

प्रसंग आलाच तर

पळू नये, हुज्जत घालू नये, खोटे नाव सांगू नये. अटक झाल्यास कारण जाणून घेण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर केले जाण्याचा हक्क अनुच्छेद २२ ने दिला आहे. घरी ताबडतोब कळवावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया व बालके यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. वकिलाशी बोलल्याशिवाय गुन्हा कबूल करू नये. १९५८ च्या परिवीक्षा अधिनियमात, विशेषतः २१ वर्षांखालील तरुणांना, कैदेऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा मार्ग आहे. वकिलाने तो न्यायालयापुढे मांडावा.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मद्यपानाचे सहा तोटे सांगितले आहेत : धनाचा नाश, कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जता आणि बुद्धीचा ऱ्हास. आजच्या विद्यार्थ्याने यांतील अपकीर्ती हा शब्द पुन्हा वाचावा. पूर्वी ती गावाच्या तोंडी असे, आता ती सरकारी दप्तरातही नोंदली जाते. म्हणून शील पाळताना कायदाही जाणावा आणि आपल्या धाकट्या भावंडांना तो समजावून सांगावा, अशी आमची सर्व विद्यार्थी बंधू-भगिनींना कळकळीची विनंती आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!