सभेचा खर्च आणि संस्थेचा पैसा

कार्यकारिणीची सभा म्हटली की हॉलचे भाडे, चहा-फराळ, प्रवासखर्च आलाच. सभा विहारातच घ्यावी. फराळावाचून कोणाचे अडत नाही. परंतु सर्वांत महाग पडते ती गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा. तोच खर्च दुसऱ्यांदा होतो, आणि तो पैसा विद्यार्थ्यांच्या वह्या-पुस्तकांचा असतो! गणपूर्तीचा नियम भिक्खू संघातही होता, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितले होते. म्हणून विषयपत्रिका व जमाखर्च आठवडाभर आधी सभासदांच्या हाती द्यावेत. आता ते मोबाईलवर फुकट जातात. नोटीस मात्र संस्थेच्या घटनेप्रमाणेच काढावी. काटकसरीच्या नावाखाली सभाच कमी करू नयेत. खर्चाच्या मंजुरीचा ठराव इतिवृत्तात नसेल तर हिशेबतपासनीस अडवणारच.