वारा तूच तयार करतेस

चि. सायलीस मामाचा आशीर्वाद.

सकाळी सातच्या क्लासला तू सायकलने जातेस आणि पोचल्यावर बोटांत पेन धरवत नाही, असं ताई फोनवर म्हणाली. तिने जाडजूड जाकीट घेऊन दिलंय, तेही कळलं. घेतलंय तर असू दे, पण ते तुझ्या कामाचं नाही.

नाशिकला खरा कडाका पडतो तो बहुधा निरभ्र, वारा पडलेल्या रात्री. अडवायला ढग नसले की जमिनीची ऊब सरळ आभाळात निघून जाते. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी येते ती अशाच पहाटेची. तेव्हा द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात, आणि तो धूर बागेवरच रेंगाळतो. मग तुला वारा लागतो कुठून? तो तूच तयार करतेस. पाच अंशांत ताशी वीस किलोमीटरने निघालीस की उघड्या कातडीला एक अंशाचा गारठा लागतो. उतारावर तर वेग वाढतो आणि पाय थांबतात, म्हणजे वारा जास्त आणि अंगात तयार होणारी ऊब कमी. त्यातून नदीकाठच्या खोलगट भागात गार हवा साठलेली असते. गोदावरीच्या पुलाकडे उतरताना ब्रेकवर हात ठेवून सावकाश जा.

स्वेटरमधून हा वारा आरपार जातो. त्यावर पातळ विंडचीटर हवाच. नसेल तर छातीवर, स्वेटरच्या आत, कालचा पेपर घडी करून घाल. हसू नकोस, टूर द फ्रान्सचे सायकलपटूही घाट उतरण्याआधी जर्सीत वर्तमानपत्र खुपसत. जाड जाकिटात घाम येतो आणि सिग्नलला थांबलीस की तोच घाम हुडहुडी भरवतो. म्हणून घरातून निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापतं. शिवाय दुपारी परतताना ऊन चटका देतं, तेव्हा विंडचीटर गुंडाळून दप्तरात जातो, जाकीट जात नाही.

हात मात्र पायांसारखे हलत नाहीत आणि वाऱ्याला सगळ्यात पुढे असतात. हातमोजे घे, पण ब्रेकची पट्टी बोटांना कळली पाहिजे, इतपतच जाड. हेल्मेटखाली पातळ कानटोपी. मोजे दोन-दोन चढवून बूट घट्ट करू नकोस, रक्त फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. ओढणी किंवा मफलर असेल तर टोकं आत खोच. ती चाकात अडकली तर थंडीची काळजीच उरणार नाही!

दहा मिनिटं लवकर निघ, म्हणजे वेग आपोआप कमी राहील. आणि बोटं बधिर होऊन ब्रेक दाबता येईनासा झाला, तर त्या दिवशी सायकल ठेव आणि सरळ सिटी बसने जा.

तुझा,
मामा