मालवणचा किनारा आणि भरतीचे गणित

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण, तारकर्ली व देवबाग हा किनारा आज प्रवाशांना सुपरिचित आहे. येथे येणारा घाटावरचा मनुष्य समुद्राकडे एक देखावा म्हणून पाहतो. किनाऱ्यावरच्या माणसाला मात्र समुद्र ही प्रथम वेळ असते. पाणी केव्हा चढेल आणि केव्हा उतरेल, हे ठाऊक असल्याखेरीज येथील कोणतीही करमणूक सुखाची होत नाही. कित्येकदा ती सुरक्षितही राहत नाही.

चंद्राच्या आकर्षणामुळे सुमारे 24 तास 50 मिनिटांत दोनदा भरती येते व दोनदा ओहोटी होते. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे 50 मिनिटे उशिरा येण्याचे कारण हेच. यावरून कोकणात एक सोपा आडाखा रूढ झाला : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. हे गणित स्थूल आहे, परंतु पंचांग पाहणाऱ्या घराला ते पुरेसे होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य व चंद्र यांची ओढ एकत्र होऊन उधाण येते; अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे मंद भरती असते.

आता या गणिताचा उपयोग पाहू. उधाणाच्या दिवशी भरती जशी मोठी, तशी ओहोटीही खोल. पौर्णिमेला सायंकाळी पाच-साडेपाचला खडकाळ किनारा दूरवर उघडा पडतो. खडकांतील डबक्यांत खेकडे, कालवे, समुद्रफुले निवांत पाहता येतात. याच्या उलट देवबागचे. तेथे कर्ली नदी समुद्रास मिळते आणि ओहोटीच्या वेळी खाडीचे सारे पाणी त्या चिंचोळ्या मुखातून बाहेर धावते. भरती-ओहोटीच्या मध्यावर हा वेग फार असतो. म्हणजे पौर्णिमेला दुपारी दोनच्या सुमारास, नेमके जेवणाआधी डुंबण्याची लहर येते तेव्हा. वर पाणी शांत दिसते, हीच त्यातली फसगत. ओढीत सापडलेल्याने किनाऱ्याकडे झुंजत येण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे, आणि दम संपत आल्यास नुसते तरंगत राहून हात वर करावा.

मालवण बंदरातून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येते. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर याची उभारणी सुरू केली. दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आणि राजाराम महाराजांनी उभारलेले शिवराजेश्वर मंदिर आवर्जून पाहावे. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते, आणि ते योग्यच आहे.

किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात प्रवाळ आहेत. त्यांच्यासह 29.12 चौरस किलोमीटरचे क्षेत्र 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. मुखवटा लावून पाण्याखाली डोकावण्याचा खेळ येथे लोकप्रिय आहे. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत असतो; त्यावर पाय टेकला वा नांगर पडला तर वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते. ओहोटीला पाणी उथळ होते आणि पाय आपोआप खाली जातो. म्हणून प्रवाळ पाहण्यास पाणी भरत असतानाची वेळ बरी, आणि ती वेळ कोणती हे तिथीवरून काढता येतेच.