पिंपातलं पाणी

भाची : आत्या, घोडबंदर रोडवर जिकडेतिकडे डेंग्यूची पत्रकं लागलीत. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा.’ तरी कासारवडवलीतल्या त्या चाळीत पिंपं भरलेलीच. लोक ऐकत का नाहीत?

आत्या : ऐकतात गं. आरोग्यसेविका म्हणून मी पंचवीस वर्षं घरोघरी फिरले. तू कधी पिंप रिकामं केलंयस?

भाची : आमच्याकडे पिंपच नाही. नळ सोडला की पाणी.

आत्या : आणि ज्यांच्याकडे पाणी तासभरच येतं, त्यांचं पिंप म्हणजे घरातली ठेव. ती मोरीत ओत म्हणून कसं सांगायचं? पाणी भरण्यात टॉवरमधल्या कामाला उशीर झाला, तर खाडा पडतो तो वेगळाच.

भाची : पण डास पिंपातच होतो ना?

आत्या : होतो. एडिस डासाला साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. मादी पाण्याच्या जरा वर, पिंपाच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पुन्हा पाणी लागलं की अळी, आणि ८-१० दिवसांत डास. म्हणून पाणी तळाला गेलं की काथ्यानं आतून खसखसून घासायचं, भरलं की जुन्या साडीचं फडकं घट्ट बांधायचं. एवढं कुणालाही जमतं.

भाची : मग पत्रकात हे का नाही?

आत्या : लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तुझं घर असतं. हे जुनंच दुखणं आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. सगळ्यांनी त्यांना अडाणी ठरवलं. पण आजारी माणसाला घरातून उचलून नेत, पुन्हा भेटेल की नाही याची शाश्वती नसे. धास्ती त्याची होती. पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी मात्र रुग्णांना स्वतः दवाखान्यात आणलं. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ला त्या गेल्या. आजार तोच, पण बोलावणारं माणूस आपलं होतं.

भाची : मी काय करू?

आत्या : तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना आधी विचार, पाणी किती वाजता येतं. आणि पिंप घासायच्या दिवशी त्यांना तासभर उशीर झाला, तर पैसे कापू नका.